मुका मार

मराठीत 'मुका मार' असा एक फार नेमका शब्दप्रयोग आहे. रक्त येत नाही, कातडी फाटत नाही, क्ष-किरणांच्या चित्रात हाड मोडलेले दिसत नाही. पण आत दुखत राहते. अशा माराला आपण मुका म्हणतो. जखम स्वतः बोलते. मुक्या माराच्या वतीने ज्याला लागले त्यालाच बोलावे लागते आणि ऐकणाऱ्याला ते खरे मानावे लागते. मांडीला किंवा दंडाला लागले असेल तर दोन दिवसांनी काळेनिळे उमटते आणि साक्ष देते. डोक्याच्या आत बसलेल्या मुक्या माराला तेवढीही सोय नसते. तेथे साक्षीदार एकच असतो, आणि नेमका त्याच्याच स्मरणावर आणि मनःस्थितीवर आघात झालेला असतो.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. अठरा वर्षांचा संसार आणि जवळजवळ तितकीच वर्षे वर्गावर गेलेली. हा लेखही दोघांचा आहे, म्हणून येथे 'आम्ही' आहे. जेथे हे 'आम्ही' दुभंगले तेथे नाइलाजाने 'तो' आणि 'ती' असे लिहावे लागेल.

जुलै २०२२ मधील एका रविवारी संध्याकाळी मिरजेहून सांगलीला परतत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. विश्रामबागच्या अलीकडे गाडी घसरली. वेग फार नव्हता. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, मागे बसणारीच्या नव्हते. मागे बसणाऱ्यालाही ते बंधनकारक आहे हे दोघांना ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि पाळणे यांत जे अंतर असते त्याचे आम्हीही जुने रहिवासी. तो उठून उभा राहिला, गुडघा खरचटला होता. ती उठून बसली, पण "आपण कुठं निघालोय?" असे तिने चार वेळा विचारले. चारही वेळा त्याने उत्तर दिले आणि चारही वेळा ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती स्वतःचे नाव, वार, महाविद्यालय सारे नीट सांगू लागली होती. मेंदूचे सीटी स्कॅन झाले. तरुण डॉक्टरांनी पडद्यावर चित्र पाहिले आणि म्हणाले, "सीटी नॉर्मल आहे. काही झालेलं नाही. घरी जा, विश्रांती घ्या." वैद्यकाच्या भाषेत याला सौम्य मस्तकाघात म्हणतात. बेशुद्धी आलीच तर अर्ध्या तासाच्या आतली, आघातानंतरची विस्मृती चोवीस तासांच्या आतली, आणि ग्लासगो येथे १९७४ साली तयार झालेल्या शुद्धिमापन पद्धतीत १५ पैकी १३ ते १५ गुण, अशी त्याची सर्वसाधारण व्याख्या. म्हणजे आमची परीक्षार्थी विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाली होती. आम्ही आनंदाने घरी आलो.

त्यानंतरचे तीन महिने आमच्या आयुष्यातील सर्वांत गोंधळाचे महिने ठरले.

डोके जड राहू लागले. मिक्सर लावला की तिच्या कपाळात कळ उठे. नळीचा उजेड सहन होत नसे. झोप तुटक झाली. पुस्तक उघडले की तिसऱ्या ओळीवरून नजर पाचवीवर जाई. वाकून उठले की भोवळ. शिवाय चिडचिड: जी बाई एरवी वर्गातल्या शेवटच्या बाकालाही आवाज चढवून बोलत नाही, ती वरणात मीठ जास्त पडले म्हणून रडली. हे सगळे सांगितले की समोरचा विचारी, "पण सीटी?" सीटी नॉर्मल आहे म्हटले की त्याचा चेहरा जरा बदले. तो बदल तिला दिसत असे.

आपल्याकडे आजाऱ्याला 'बघायला' जाण्याची रीत आहे. ती प्रेमाची रीत आहे, हे आम्ही जाणतो. पण महिनाभरात जे तीस-चाळीस जण येऊन गेले त्यांचे बोलणे आठवले की ते दोन रकान्यांत सहज बसते. पहिला रकाना: "काही नाही हो, दिसतायत तर छान! मनावर घेऊ नका." दुसरा रकाना: "डोक्याचं दुखणं, सांभाळा बरं का. आमच्या साडूंचं असंच झालं होतं, तेव्हा काही नाही, दोन महिन्यांनी एकदम..." त्या 'एकदम'च्या पुढे काय झाले ते पाहुणे डोळ्यांनी सांगत आणि चहाचा कप खाली ठेवत. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. घरातला तो एकच उपाय, की ज्यात तिला ना खोटे ठरवले गेले ना मोडकळीला काढले गेले.

या दोन रकान्यांच्या मध्ये आमच्या दोघांची विभागणी झाली. ती पहिल्या रकान्याला घाबरून बरी असल्याचे दाखवू लागली. एखादा दिवस बरा गेला की एका बैठकीत साठ उत्तरपत्रिका तपासायची, आणि मग दोन दिवस अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर ओढणी टाकून पडून राहायची. तो दुसऱ्या रकान्यात गेला. त्याने भांडी घासली, तिच्या फायली आपल्या टेबलावर आणल्या, तिचे तास वाटून घेतले, फोन परस्पर उचलले. तिने चार पावले टाकली की विचारी, "चक्कर नाही ना येत?" दिवसातून पंधरा वेळा "डोकं कसं आहे?" हा प्रश्न. ज्याची दर तासाला चौकशी होते ते डोके सुखाने राहणार कसे, हा विचार तेव्हा सुचला नाही.

सहा आठवड्यांनी ती वर्गावर गेली. द्वितीय वर्षाचा तास, विषय नवकाव्य. एका मुलीने विचारले, "मॅडम, बा. सी. मर्ढेकर, यातलं बा. सी. म्हणजे काय?" सोळा वर्षांत शेकडो वेळा उच्चारलेले नाव. 'बाळ' आठवले, 'सीताराम' आठवेना. खडू हातात धरून ती फळ्याकडे पाहत उभी राहिली, आणि त्या क्षणी, तिच्याच शब्दांत, "माझं डोकं गेलं, हे मला कळून चुकलं." तिने तास सोडला. संध्याकाळी स्वयंपाकघरात ती अगदी शांतपणे म्हणाली, "मी राजीनामा द्यावा म्हणते. मुलांच्या पुढ्यात उभं राहून विसरायचं नाहीये मला."

अध्यापकाचे डोके म्हणजे काय, हे सांगायला नको. शेतकऱ्याची जमीन जशी, तशी ती आमची कमाई. जमिनीला भेग पडली आहे असे तिला वाटत होते, आणि भेग आहे की नाही हे सांगणारा कागद 'नॉर्मल' म्हणत होता.

*

आम्हा लोकांना संकटात दुसरे काही सुचत नाही. आम्ही वाचू लागलो. म्हणजे तो वाचू लागला, तिला वाचवत नव्हते.

वाचताना लक्षात आले की आमच्या दिवाणखान्यातील ते दोन रकाने फार जुने आहेत. १८६६ साली लंडनमधील शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातांतील अशा माणसांविषयी पुस्तक लिहिले, ज्यांच्या अंगावर जखम दिसत नाही, पण जे पुढे महिनोन्महिने पूर्ववत होत नाहीत. त्यांचे म्हणणे, मज्जासंस्थेला बसलेला धक्का हे याचे कारण. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी प्रत्युत्तर दिले की यातील पुष्कळसे भीतीने घडते. पेज एका रेल्वे कंपनीचे शल्यविशारद होते, हे येथे नमूद केले पाहिजे. पुढे १९६१ मध्ये न्यूकासलचे हेन्री मिलर यांनी तर नुकसानभरपाईच्या दाव्याशी या दुखण्याचे नाते जोडले आणि दावा मिटला की दुखणेही मिटते असे सुचवले. नंतरच्या पाहण्यांत दावे मिटूनही पुष्कळांचे दुखणे मिटले नव्हते. पण संशय मात्र रुजला तो रुजलाच. म्हणजे दीडशे वर्षे एकच वाद: लागले आहे की वाटते आहे?

या वादात एक शहाणा आवाज मध्येच भेटतो. चार्ल्स सायमंड्स या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञांनी १९३७ साली असे मांडले की अशा रुग्णाच्या बाबतीत दुखापत कोणत्या प्रकारची हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते डोके कोणाचे हेही महत्त्वाचे. दगड तोच, पण तळे निराळे असेल तर तरंग निराळे उठणार.

अलीकडच्या संशोधनाने या मुद्द्याला हाडमांस दिले. मिटेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये डोक्याला कधीही न लागलेल्या माणसांना विचारले की समजा तुम्हाला असा मार बसला, तर पुढे काय काय होईल? त्यांनी कल्पनेने सांगितलेली लक्षणे खऱ्या रुग्णांच्या लक्षणांशी बरीच जुळली. २००१ मधील एका तौलनिक अभ्यासात कॅनडातील लोकांना असे दुखणे महिनोन्महिने, वर्षानुवर्षे टिकेल असे वाटत होते; लिथुआनियातील लोकांना क्वचितच तसे वाटले. इंग्लंडमधील २००७ च्या एका पाहणीत, आपले दुखणे फार गंभीर आहे आणि ते दीर्घकाळ टिकणार असे ज्यांना सुरुवातीलाच वाटले, त्यांची लक्षणे तीन महिन्यांनी रेंगाळलेली असण्याची शक्यता अधिक आढळली. २०१२ च्या दुसऱ्या पाहणीत एक वागण्याची तऱ्हा पुढे आली: बरे वाटले की सगळे काम उपसायचे आणि मग आडवे पडायचे. साठ उत्तरपत्रिका आणि दोन दिवसांचा अंधार! परक्या देशातल्या कोणीतरी आमच्या घरात डोकावून लिहिल्यासारखे ते वाटले.

तो हे सगळे उत्साहाने तिला सांगायला गेला. ती पडल्या पडल्या ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे हे सगळं मी मनानं करते, असंच ना?"

तो अवाक झाला. आठ दिवस खपून त्याने जे शोधून आणले, ते तिच्या कानापर्यंत जाईतो पहिल्या रकान्यातले वाक्य होऊन बसले होते.

दोष तिचा नव्हता. आमच्या भाषेचाही काही वाटा होता. आपल्या बोलण्यात 'मानसिक' या शब्दाचा अर्थ 'खोटे' असा होऊन बसला आहे. 'मनाचे खेळ', 'मनाचे आजार', 'सगळं तुमच्या मनावर आहे': यांतील प्रत्येक प्रयोगात मन हे काहीतरी स्वस्त, उडवून लावण्याजोगे असते. आणि गंमत अशी, की हीच भाषा अधिक खोल जागी शहाणी आहे. आपण 'डोक्याला लागले' म्हणतो आणि 'मनाला लागले'ही म्हणतो. ठेच लागते, नजर लागते, शब्द जिव्हारी लागतो. क्रियापद एकच. शरीराला लागलेले खरे आणि मनाला लागलेले खोटे असा भेद 'लागणे' या क्रियापदाने कधी केलेला नाही. तो आपण केला. भीतीने झोप उडते, झोप उडाली की डोके दुखते, डोके दुखले की भीती वाढते. या साखळीतली कोणती कडी 'खरी' आणि कोणती 'मनाची' हे ठरवत बसणे म्हणजे पावसात भिजलेल्या माणसाला कोणत्या थेंबाने भिजलास असे विचारणे होय.

*

वाचनाच्या या ओघात निबंध या आमच्या विषयाच्या मूळपुरुषाशी अनपेक्षित गाठ पडली. माँतेन हा सोळाव्या शतकातील फ्रेंच लेखक, निबंध या प्रकाराचा जनक. त्याचे निबंध १५८० साली प्रसिद्ध झाले. त्यांतील दुसऱ्या भागात त्याने स्वतः घोड्यावरून पडल्याची हकीकत लिहिली आहे. घरापासून थोड्याच अंतरावर त्याचाच एक माणूस दांडग्या घोड्यावरून भरधाव आला आणि माँतेनच्या लहानशा घोड्यावर आदळला. माँतेन दहा-बारा पावलांवर जाऊन पडला. लोकांना तो मेलाच असे वाटले. दोनेक तासांनी त्याने हालचाल केली. आजच्या व्याख्येने हा मार सौम्य नव्हे. पण पुढचे वर्णन सौम्य मार लागलेल्यांनाही ओळखीचे वाटेल. डोक्यात गोळी लागली आहे असे त्याला आधी वाटले. वाटेत पत्नी अडखळत येताना दिसली तेव्हा तिला घोडा द्या असे त्याने म्हणे सांगितले. पण आपण ते बोललो याचे त्याला भान नव्हते.

या हकीकतीत एक बारीकसा तपशील आहे. पडलो कसा, हे माँतेन सगळ्यांना विचारत होता आणि घरचे त्याला खरे सांगत नव्हते. ज्याच्यामुळे अपघात झाला त्याला वाचवण्यासाठी त्यांनी भलतीच कारणे रचली होती. पुढे एके दिवशी तो क्षण, तो अंगावर येणारा घोडा, विजेसारखा त्याला आठवला.

या ओळींपाशी तो थांबला. कारण आमच्या घरातही एक घोडा लपवलेला होता.

मराठीचा अध्यापक असूनही गेले दोन महिने तो एकच वाक्य सर्वांना सांगत होता: "गाडी घसरली." रुग्णालयात, महाविद्यालयात, आल्यागेल्याला. या लेखाच्या आरंभीही तेच वाक्य आले आहे; वाचकांच्या ते खटकलेही नसेल. घसरणे हे अकर्मक क्रियापद. त्याला कर्ता गाडी. चालवणारा वाक्यातून अदृश्य. प्रत्यक्षात त्याच्या खिशातला फोन वाजला होता, उजवा हात मुठीवर ठेवून त्याने डाव्या हाताने तो काढला होता, आणि पुढचा गतिरोधक त्याला उशिरा दिसला होता. तिला यातले काहीच आठवत नव्हते. विश्रामबागचा चौक दिसू लागल्यापासून रुग्णालयाच्या व्हरांड्यापर्यंतची पट्टी तिच्या स्मरणातून पुसली गेली होती.

त्या रात्री त्याने सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटत होतं, मीच मागे पिशवी सावरायला वळले असणार. माझ्यामुळं तुमचा तोल गेला."

दोन महिने ती त्या पुसलेल्या पट्टीवर स्वतःचा अपराध लिहीत होती. आणि दोन महिने तो भांडी घासून एका अशा दाव्याची भरपाई देत होता, जो दाखलच झालेला नव्हता. त्याची ती अहोरात्र काळजी प्रेमाची होती, यात शंका नाही. पण तिच्यात भीतीचा आणि प्रायश्चित्ताचाही वाटा होता, आणि दर वेळी "डोकं कसं आहे?" विचारताना तो नकळत तिला सांगत होता की तू मोडली आहेस.

ती रागावली. चांगली चार दिवस रागावली. फोन काढल्याबद्दल नव्हे तितकी, न सांगितल्याबद्दल. पण तो राग पूर्वीच्या चिडचिडीसारखा नव्हता. त्याला पत्ता होता. चौथ्या रात्री ती सहा तास सलग झोपली. कबुलीने मेंदू बरा होतो असे आम्हाला म्हणायचे नाही. एवढेच म्हणू की साखळीतली एक कडी निखळली.

*

त्यानंतर आम्ही दोघे मिळून एका ज्येष्ठ डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी अर्धा तास नुसते ऐकले, ही पहिली गोष्ट. डोळे, चाल, तोल, मान तपासली, ही दुसरी. आणि मग म्हणाल्या, "लागलंय, हे खरं आहे. बरं होतं, हेही खरं आहे. मधल्या काळात मेंदू कुरकुरणार. त्या कुरकुरीला घाबरायचं नाही आणि तिला डिवचायचंही नाही."

आम्ही इतके दिवस दोनच वाक्ये ऐकत होतो: 'काही झालेले नाही' आणि 'काहीतरी भयंकर झालेले असणार'. हे तिसरे वाक्य होते. ते पहिल्याच दिवशी मिळाले असते तर? ऑस्ट्रेलियात जेनी पॉन्सफर्ड यांच्या गटाने नेमके हेच पडताळून पाहिले होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, दुखापतीनंतर पहिल्या आठवड्यातच काय होऊ शकते, काय करावे हे समजावून माहितीपुस्तिका दिलेल्या रुग्णांना तीन महिन्यांनी कमी त्रास होता. एक पातळ पुस्तिका! शब्दांवर पोट भरणाऱ्या आम्हा दोघांना शब्द औषध असू शकतात हे वैद्यकाने सांगावे लागले.

अंधारी खोली बंद झाली. पहिले एक-दोन दिवस विश्रांती योग्यच. पण २०१५ साली अमेरिकेत किशोर व तरुण रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात ज्यांना पाच दिवस सक्तीची विश्रांती दिली गेली त्यांनी उलट अधिक लक्षणे नोंदवली, हे आता सर्वमान्य झाले आहे. सकाळी वीस मिनिटे चालणे. वाचन घड्याळ लावून: आधी दहा मिनिटे, मग पंधरा. बऱ्या दिवशी ठरल्यापेक्षा अधिक नाही, वाईट दिवशी ठरल्यापेक्षा फार कमी नाही. दिवसाला आठ उत्तरपत्रिका. झोपेची वेळ पक्की. आणि घरात नियम असा की डोक्याची चौकशी आठवड्यातून एकदा, रविवारी.

राहिला प्रश्न 'सीताराम'चा. त्याने तिला आठवण करून दिली की २०१९ मध्ये वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांचे नाव ती व्यासपीठावर विसरली होती आणि आम्ही त्यावर आठवडाभर हसलो होतो. तेव्हा डोक्याला काही लागलेले नव्हते. दुखापत झालेली माणसे आपला पूर्वीचा काळ होता त्याहून निर्दोष आठवतात, असे संशोधक सांगतात. पूर्वीही आपण विसरत होतो, दमत होतो, डोके दुखत होते. पण तेव्हा त्याला कारण लावत नव्हतो. आता प्रत्येक विसराला अपघाताची चिठ्ठी चिकटते. ती हसली. अपघातानंतरचे ते पहिले मोकळे हसू असावे.

पुढच्या आठवड्यात ती वर्गावर गेली आणि सुरुवातीलाच म्हणाली, "मागच्या तासाला मला मर्ढेकरांचं नाव आठवलं नाही. डोक्याला लागलं होतं, भरून येतंय. आज आठवलं नाही तर तुम्ही सांगा." मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटले, "मॅडम, आम्हाला तर न लागताच आठवत नाही." वर्ग हसला, तास झाला. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

येथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण पुरती खरी होणार नाही. तिचे डोके अजूनही कधीतरी जड होते, विशेषतः जागरणानंतर. पुसलेली पट्टी माँतेनसारखी तिला कधी परत मिळाली नाही. आणि सगळ्यांचेच असे निभावते असेही नाही. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, सौम्य मस्तकाघाताच्या निम्म्याहून अधिक रुग्णांनी वर्षभरानंतरही दैनंदिन कामांत काही ना काही अडचण राहिल्याचे सांगितले. ती सारी माणसे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेली होती, हे खरे. तरी 'सौम्य' हा शब्द माराचे वर्णन करतो, माणसाच्या भोगाचे नव्हे, हे त्यातून कळते. मनाचा वाटा आहे म्हणून मेंदूचा वाटा नाही असे होत नाही. तेव्हा डोकेदुखी वाढतच गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झोपेतून जागे होईना, झटका आला, एका बाजूची शक्ती गेली, बोलण्यात असंबद्धता आली, तर आमचा लेख बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे. वृद्धांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर विशेष. साडूंची गोष्टही कधीकधी खरी असते.

पण बहुसंख्यांच्या बाबतीत प्रश्न साडूंचा नसतो. तो त्या खोलीत बसलेल्या आपणा सर्वांचा असतो. आपण काय म्हणतो, कोणत्या स्वरात विचारतो, काय लपवतो, याचा आजाऱ्याच्या बरे होण्यात वाटा असतो. हे ओझेही आहे आणि दिलासाही.

हल्ली आम्ही कोणाला बघायला गेलो तर फार बोलत नाही. लागले आहे ते खरे, बरे होईल तेही खरे, एवढे म्हणून चहा घेतो. आणि गाडीविषयी कोणी विचारले, तर तो सांगतो, "मी पाडली."